दूधवाल्यांचे ट्रक

रस्त्याचा व्हिडिओ पाहून गाड्या ओळखणारा प्रोग्राम कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून करायचा, असं मी ठरवलं तेव्हा मला त्यातलं फारसं काही येत नव्हतं. वर्गातल्या बहुतेकांनी तयार प्रोजेक्ट घेतले होते. मला काहीतरी स्वतःचं करून पाहायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे धाडस आहे की मूर्खपणा, हे विचारायलाही घरी कोणी नव्हतं.

आमच्या हिंदीभाषक शहरातल्या रिसाली या भागात मावशीचं घर एका शाळेसमोर आहे. शाळा भरायच्या वेळी तिथून ट्रक-टेम्पो किती जातात ते मोजायचं, म्हणजे मोठ्या गाड्या कोणत्या वेळी थांबवाव्या हे सांगता येईल, अशी माझी कल्पना. सहा दिवस सकाळी मी मावशीच्या गच्चीवरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यातून हजारो चित्रं निघाली. आता प्रत्येक चित्रात प्रत्येक गाडीभोवती चौकट काढून तिला नाव द्यायचं होतं. प्रोग्राम त्या चौकटी पाहूनच शिकतो.

बाबा रेल्वेत ट्रॅकवर काम करतात, ते दिवसभर दुर्ग लाइनवर. आई घरी शिवणकाम करते. ती सातवीपर्यंत शिकली आहे. एका दुपारी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“काय करून राहिली वं?”

“गाड्यांभोवती चौकटी काढून राहिली.”

“सरक. एवढं त मलेही येते.”

मी कीबोर्डवरच्या पाच आकड्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या: दुचाकी, कार, ऑटो, बस, मालवाहू. कापडावर खडू फिरवायची सवय असल्यामुळे आईच्या चौकटी माझ्यापेक्षा नेमक्या बसायच्या. मी कॉलेजात गेले की ती ब्लाउज बाजूला ठेवून लॅपटॉप घ्यायची आणि मी आल्यावर “आज दोनशे झाले” असं सांगायची. पहिली वीस चित्रं मी तपासली. ती बरोबर होती. पुढची न तपासताच प्रोग्रामला शिकायला दिली.

प्रोजेक्ट तपासणीच्या दिवशी सरांनी माझा व्हिडिओ वर्गातल्या पडद्यावर लावला. गाड्यांवर चौकटी उमटू लागल्या आणि बाजूला आकडे वाढू लागले. सर पुढे झुकले.

“सुबह सात बजे स्कूल के सामने इतने ट्रक? ये रिसाली है या हाईवे?”

तेवढ्यात एक दूधवाला मोटरसायकलवरून आला, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून. त्याच्यावर चौकट आली: मालवाहू. मागून दुसरा आला: मालवाहू. मग एक माणूस स्कूटरवरून मुलीला सोडायला आला, पुढे दोन दप्तरं आणि मागे मुलगी. तीही मालवाहू. सगळा वर्ग हसला.

“लेबल किसने किए?”

“मैंने, सर.”

“आठ दिन में ठीक करके लाओ। नहीं तो रेडीमेड टॉपिक ले लो, उसमें पास तो हो जाओगी।”

मी लॅपटॉप कॉलेजात नेऊन लायब्ररीत गुपचूप चौकटी बदलू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी असताना आईने लॅपटॉप उघडला. मालवाहूची चौकट लाल, दुचाकीची हिरवी. तिचे लाल दूधवाले हिरवे झाले होते.

“माझ्या चौकटी कोणं बदलवल्या?”

“मी.”

“चुकल्या होत्या?”

“थोड्याशा.”

“थोड्याशा म्हंजे?”

“सगळे दूधवाले.”

आई चिडली. “अवं, दोन्हीकडून कॅन, मागं माणसाले बसायले जागा नाई. ते मालाची गाडी नाई त काय?”

खरं तर तिचं बरोबरच होतं. मग मी तिला शाळेचं सांगितलं. मोठ्या गाड्यांचा मुलांना धोका असतो आणि आपल्याला त्याच मोजायच्या आहेत, हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होते.

“हे पहिल्या दिवशी सांगतलं असतं त? तू मले नावं सांगतली. कायच्यासाठी करून राहिली ते नाई सांगतलं. माप घेतल्याबिगर कोणी ब्लाउज कापते का?” मग तिने विचारलं, “अन् सरले काय सांगतलं?”

“मीच केलं म्हणून.”

“कावून? माझी लाज वाटली?”

“नाई. तुले कोणी हसू नये म्हणून.”

हे पूर्ण खरं होतं का, मला अजूनही नीट सांगता येत नाही.

“हसले त हसले. मी का त्या वर्गात बसून होती?”

मग आम्ही एका कागदावर नियम लिहायला बसलो. पहिला आईनेच सांगितला: चाकं पाहायची, ओझं नाही. पण एका नियमाने भागेना. पोती भरलेली ई-रिक्षा कुठे टाकायची? तीन चाकांचा टेम्पो? ती विचारायची, मी अडखळायचे, मग दोघी मिळून ठरवायचो. दोन पानं भरली. जे ठरवता येईना, ते चित्र बाजूला काढायचं. चार दिवस दुपारी ती आणि संध्याकाळी मी, असं करून आम्ही सगळी चित्रं पुन्हा तपासली आणि चुकलेली नावं बदलली.

आठव्या दिवशी पुन्हा शिकवलेला प्रोग्राम घेऊन मी सरांसमोर व्हिडिओ लावला. पहिला दूधवाला आला. दुचाकी. दुसरा, दुचाकी. दप्तरांची स्कूटरही बरोबर. मग पाण्याचा टँकर आला आणि प्रोग्रामने त्याला बस म्हटलं. कोणीतरी खिदळलं. तेव्हा मी सांगून टाकलं.

“सर, ज़्यादातर लेबल मेरी मम्मी ने किए हैं। पिछली बार झूठ बोला था। गलती भी मेरी थी, उनको बताया ही नहीं था कि काम किसलिए है।”

सरांनी नियमांचा कागद मागितला. तो मराठीत होता, म्हणून मी एकेक नियम हिंदीत वाचून दाखवला. शेवटी ते म्हणाले, “इसको टाइप करके रिपोर्ट में लगाओ। टैंकर ठीक करो। टॉपिक यही रहेगा।”

घरी येऊन आईला सांगितलं. ती मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला.

“टँकरचे फोटो किती आहेत आपल्यापाशी?”

“अकरा.”

“अकरामंदी कोणाले काय समजन? उद्या जाऊन अजून काढून आण.”