चावीकाकांचा कान

चावीकाकांना स्वतःच्या सावलीचाही भरवसा नव्हता. तीस वर्षं पाणीखात्याची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे गल्लोगल्ली व्हॉल्व्ह सोडत आले होते. वरच्या गल्लीला चावीचे अकरा फेरे, खालच्या गल्लीला सात. त्यांनी नोकरी धरली तेव्हा वरच्या गल्लीत चाळीस घरं होती. बघता बघता चारशेच्या वर गेली, आणि जमिनीखालचा पाइप मात्र तोच, तेवढाच!

महिनाभर वरच्या गल्लीच्या टोकाला थेंब पोचेना. बायका रिकाम्या बादल्या घेऊन कचेरीत घुसल्या आणि चावीवालाच पाणी दुसरीकडे वळवतो, असं साहेबांच्या तोंडावर बोलल्या. काकांच्या जिव्हारी लागलं.

साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत चोर दाखवा, नाहीतर चावी ठेवा आणि घरी बसा."

काकांचा संशय सरळ मेहुण्यावर गेला. मेहुणा प्लंबर, नव्या इमारतींची कामं करणारा, त्यात गोड बोलणारा. कोणी गोड बोललं की काका आधी स्वतःचा खिसा चाचपायचे! आपली पाठ वळली की तोच व्हॉल्व्ह फिरवतो, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. त्यांनी व्हॉल्व्हच्या माथ्यावर आगकाडी आडवी ठेवली. कोणी फिरवला तर काडी पडणार. चार दिवस काडी जागची हलली नाही. दुसरा कोणी असता तर वरमला असता. काका म्हणाले, "लेकाचा काडी उचलून परत ठेवतोय!"

आणि भर गल्लीत त्याला चोर म्हणून मोकळे झाले. मेहुणा हूं की चूं न करता निघून गेला. काकूंनी त्या दिवसापासून अबोला धरला. काकांना त्यातही काहीतरी शिजतंय असा वास आला.

सोमवारी वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडल्यावर काकांना जुनी युक्ती आठवली. चावीचं एक टोक पाइपला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की आत काय चाललंय ते ऐकू येतं. पहिल्याच दारी पाण्याची सळसळ नव्हती, घरघर होती. मोटर! नळाला मोटर लावून लोक पाणी ओढत होते. दुसऱ्या दारी घरघर, चौथ्या दारी घरघर. "अरे, सगळेच चोर की रे!" काका हरखून कागदावर घरं टिपत सुटले. एकोणीस झाली. विसाव्या दारी सवयीने चावी टेकवली, आणि तिथली घरघर ऐकून त्यांनी वर पाहिलं. दार त्यांचंच होतं.

काकू दारातच उभ्या होत्या.

"कधीपासून?"

"दोन महिने. तुम्ही पहाटे बाहेर पडलात की लावते. शेजारणीने बसवली, तिच्या शेजारणीने बसवली. आपल्याकडे तांब्याभर येईना. मीच माझ्या धाकट्या भावाला गळ घातली. नको म्हणत होता हो तो."

"मग त्या दिवशी गप्प का बसला?"

"बोलला असता तर माझं नाव आलं असतं ना." त्यांनी कागदाकडे हात पुढे केला. "खात्यातल्या माणसाच्या घरी मोटर सापडली तर नोकरी जाते, हे त्यालाही ठाऊक आहे. तो कागद फाडा ना."

काकांना भयंकर लाज वाटली. ते पायरीवर बसले, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि आणखी एक ओळ लिहिली.

कचेरीच्या आधी ते मेहुण्याच्या दारी गेले. त्याने दार जेमतेम फटीएवढं उघडलं.

"आता काय शोधायला आलात, भावोजी?"

काकांनी कागद फटीतून आत सरकवला.

"विसावं घर वाच," ते म्हणाले, "आणि मग माझ्याबरोबर कचेरीत चल. चोर कोण, ते तुझ्यादेखत साहेबांना सांगतो."