न दिलेल्या परीक्षेचे आभार

आमच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना असायची. गोत्रीच्या आमच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरात, पुढच्या खोलीत सतरंजी पडायची आणि पप्पांच्या रेल्वे कारखान्यातली तीन-चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं यायची. चर्चमध्ये सगळं गुजरातीत चालायचं, त्यामुळे मोठ्यांना ही मराठी बैठक फार प्रिय. शेवटी गोलात प्रत्येकाने डोळे मिटून, मोठ्याने प्रार्थना करायची अशी रीत होती. माझी पाळी आली की मी काहीतरी पुटपुटून 'आमेन' म्हणून टाकायचे. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "हिची प्रार्थना देवाला पोस्टकार्डावर पाठवावी लागेल. ऐकू तर येत नाही."

कॉलेजातही माझं तेच. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलनंतर तोंडी परीक्षा होती, इंग्रजीत. विभागातल्याच सरांची, पण त्यांच्यासमोर बसायचं या विचारानेच मला रात्री झोप लागत नव्हती. त्या गुरुवारी वर्गाबाहेर उभी असताना हात गार पडले. शिपायाने दार उघडून माझा नंबर पुकारला तेव्हा मी जिना उतरत होते. चालत रावपुऱ्याच्या बाजारापर्यंत गेले, उगाच दुकानांच्या पाट्या वाचल्या आणि नेहमीच्या वेळेला घरी आले.

पप्पांनी विचारलं, "कशी झाली?"

"झाली."

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. तेवढाच शब्द तोंडातून निघाला.

दुसऱ्या दिवशी पप्पा कामावरून मांडवीच्या बाजारात जाऊन पेढ्यांचा पुडा घेऊन आले. निकाल लागायचा होता, पण त्यांना धीर कुठला! सगळे बसल्यावर म्हणाले, "आज आधी आभाराची प्रार्थना. पोरीची तोंडी परीक्षा झाली." मग डोळे मिटून सुरू झाले. "प्रभू, साहेबाने मला बोलावलं की माझे पाय कापतात, हे तुला माहीत आहे. माझी पोर साहेबांसमोर बसून इंग्रजीत बोलून आली. तू तिच्या शेजारी बसला होतास. तुझे उपकार."

पप्पांचे पाय कापतात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, घाबरट एकटी मीच.

पाळी माझ्याकडे आली. मी डोळे किलकिले करून पाहिलं. सगळ्यांचे मिटलेले होते. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. कदाचित त्यामुळेच जमलं असेल.

"प्रभू, मी आत गेलेच नाही. मी पळाले. पप्पांशी खोटं बोलले. उद्या सरांकडे जायला मला बळ दे."

'आमेन' म्हणायचं मी विसरले. मग मावशी म्हणाल्या, "आमेन. आज ऐकू आलं हो."

शेवटी सगळ्यांनी डोळे उघडले. आईने हळूच विचारलं, "पेढ्यांचं काय करू?"

पप्पा सतरंजीकडे बघत होते. "वाटून टाक," ते म्हणाले. "देवाचे आभार मानले ते मानले. परत कसे मागणार?" पहिला पेढा त्यांनी माझ्याच हातावर ठेवला. रागावले मात्र नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

शनिवारी त्यांनी मला स्कूटरवरून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलं. आत एकटीलाच जायचं होतं. जिन्यात मी थांबून प्रार्थना केली. भीती गेली असं म्हणणार नाही. हात गारच होते. पण या वेळी तसेच गार हात घेऊन मी दार ढकललं. सरांना मोडक्या गुजरातीत खरं ते सांगितलं की गुरुवारी घाबरून पळाले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेसो, बेन," म्हणत बसायला सांगितलं आणि त्या दिवशी दुसऱ्या तुकडीची तोंडी होती, तिच्या शेवटी माझी घेतली. माझ्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. मला पप्पांचे शब्द आठवले आणि मी माझी वही काही त्या खुर्चीवर ठेवली नाही, मांडीवरच धरली. दोन उत्तरं आली. तिसरं येत नव्हतं. तेही इंग्रजीतच सांगितलं की येत नाही. सर म्हणाले, "ठीक," आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. येत नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पप्पा फाटकापाशी स्कूटरला टेकून उभे होते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

"कशी झाली?"

"एकाचं उत्तर नाही आलं."

"हं," ते स्कूटरला किक मारत म्हणाले, "म्हणजे आज खरंच झाली. बस मागे."