आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

बहिणीने गाऊन पाठवलेले एक गाणे मी न ऐकता फोनमधून पुसले, ते एका शनिवारी संध्याकाळी, सांगलीतल्या आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात. त्यानंतर अकराव्या दिवशी ती मदुराईतल्या एका रुग्णालयात वारली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती चौतीस वर्षांची होती, तिची मुलगी सहा वर्षांची.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिचे सासर विट्याचे आणि नवऱ्याचे मदुराईत गलाईचे, म्हणजे सोने गाळून शुद्ध करायचे दुकान. खाली भट्टी, वर दोन खोल्या. मुलगी तिथेच लहानाची मोठी होत होती. शाळेत तमिळ, गल्लीत तमिळ, बाप दिवसभर भट्टीपाशी. तिच्याशी मराठीत बोलणारी दिवसभर एकटी आई.

तीन वर्षांची असताना मुलीला एका कार्टून सिनेमाचे वेड लागले. राजकन्या हरवलेला चंद्र शोधायला महाल सोडून निघते. सोबत बोलणारी खार, वाटेत राक्षस, शेवटी घरी परत. सहा गाणी. त्यांच्याकडे तो तमिळमध्ये होता. बहिणीने त्यावर एक मार्ग काढला. गाणे सुरू झाले की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि त्याच चालीवर स्वतः मराठीत गायचे.

हे मी पहिल्यांदा पाहिले विट्याच्या घरी, मे महिन्याच्या सुट्टीत. बहीण गवारीच्या शेंगा निवडत बसली होती. राजकन्या महालाच्या पायऱ्या उतरू लागली, मुलीने रिमोट दाबला आणि बहीण गाऊ लागली:

"वाट हाय लांब गं, बुत्ती घे बांधून,
चंद्र काय पळतोय व्हय, जा जरा जेवून."

बुत्ती म्हणजे वाटेसाठी फडक्यात बांधून घेतलेले जेवण. तिची थोरली जाऊ हसत म्हणाली, "आगं, राजाची पोरगी कवा बुत्ती बांधती व्हय?"

"मग काय उपाशी जाईल? तिच्या आईला कळत न्हाई व्हय?"

"आन् त्या खारीला काय?"

"खारीला शेंगा. पुढच्या कडव्यात हायत."

मी विचारले, "खरे शब्द काय आहेत गं?"

"काय की, दादा. मला कुठं तमिळ येतंय तेवढं? तोंड हलतंय तंवर शब्द भरायचं. तोंड मिटलं की गप बसायचं."

पाच गाणी तिने अशी भरली होती. सहाव्यात राजकन्या परत येते, आई दारात उभी असते. तिथे बहीण नुसती चाल गुणगुणत असे. मुलगी रुसायची. "आई, ती काय म्हणती, सांग की."

"सांगीन. अजून जुळंना."

ते जुळले तेव्हा एका शुक्रवारी दुपारी तिचा मला फोन आला. "दादा, शेवटचं गाणं झालं. म्हणून पाठवलंय तुला. तुझं लिहायचंच काम हाय, शब्द बघ जरा. पोरीला अजून ऐकवलं न्हाई. वाढदिवसाला म्हणणार हाय." मी रात्री ऐकतो म्हणालो. ऐकले नाही.

दर शनिवारी मी फोन रिकामा करत असे. सभांतली भाषणे, पत्रकार परिषदा, मुलाखती. बातमी छापून आली की ध्वनिमुद्रण पुसायचे, ही जुनी सवय. त्या दिवशी सगळी एकदम निवडून पुसली. त्यात तिचेही गेले, हे सोमवारी लक्षात आले. पुन्हा पाठव, असे सांगायला मी फोन केला नाही. वाढदिवसाला पंधरा दिवस होते.

तिचा फोन रुग्णालयातल्या धावपळीत हरवला, तो मिळाला नाही. माझा फोन मी सांगलीतल्या दोन दुरुस्तीवाल्यांना दाखवला. दोघांनीही काही निघत नाही म्हणून सांगितले.

मुलीला विट्याला, काकूकडे, म्हणजे त्या थोरल्या जावेकडे आणले. दिवसकार्य झाल्यावर मी तिथे गेलो, तेव्हा ती सिनेमा पाहत होती. आवाज बंद होता. पाच गाणी तिने आईच्या शब्दांत म्हटली. सहाव्याला ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मामा, तुझं तपासून झालं का?"

"काय?"

"शेवटचं गाणं. आई म्हणली, मामाकडं दिलंय, तो शब्द बघतोय."

मी तिला सांगितले की ते मी चुकून पुसले.

"मग तोंडी सांग."

"मी ऐकलं नव्हतं, बाळा."

"एकदापण?"

"एकदापण नाही."

तिने रिमोट घेतला आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.

नंतर मी तिच्या वडिलांना मूळ तमिळ ओळींचा अर्थ विचारला. ते म्हणाले, "'आई, मी आले', असं कायतरी हाय. पण पाव्हणं, तिनं ते घेतलंच नसंल. तिच्या मनात काय हुतं ते आपल्याला कुठं ठावं?" काकूने दोन ओळी जुळवून पाहिल्या. मीही चार ओळी लिहिल्या, राजकन्येचे ओठ किती वेळ हलतात ते पाहून. मुलीने त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. "आई असं म्हणली नसती," एवढेच ती म्हणाली.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी रविवारच्या पुरवणीत एक लेख लिहिला होता, मुले तेच कार्टून सिनेमे पुन्हा पुन्हा का पाहतात यावर. त्यासाठी बालवाडीच्या बाईंशी आणि काही आयांशी बोललो होतो. शेवट ठाऊक असतो म्हणून पाहतात, असे मी त्यात लिहिले होते. कात्रण अजून माझ्याकडे आहे.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे, विट्याच्या शाळेत चौथीत. घरात नवे सिनेमे येतात, आठवडाभर चालतात आणि मागे पडतात. हा राहिला आहे. काकूची नात आणि शेजारची दोन मुले यांनी माझ्या बहिणीला पाहिलेले नाही. पाचही गाणी ही मुले तिच्याच शब्दांत म्हणतात. खारीच्या शेंगा आल्या की त्यांना अजून हसू येते.

गेल्या रविवारी दुपारी मी तिथे होतो. चौघे टीव्हीसमोर बसले होते. सहावे गाणे लागले तेव्हा आवाज बंद होता. कुणी गायले नाही, कुणी उठलेही नाही. राजकन्येचे ओठ हलत होते. ते गाणे दोन मिनिटे चाळीस सेकंदांचे आहे.