आपटून दिलेलं पार्सल

लोणावळ्याच्या बाजारात इनायतभाईचं पार्सलं बांधायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, सुतळीचे गुंडे, दोन दाभणं, गोणपाटांची चळत आणि मागं छपराला टेकलेला भाताचा पेंढा. पेंढा आंदर मावळातलाच लागायचा. "दुसरीकडचा पेंढा राठ असतो, त्यानं काच रुसती," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. काच रुसते म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी विचारलं असतं तर इनायतभाईची पंचाईत झाली असती.

पण त्याचं नाव पेंढ्यामुळं झालेलं नव्हतं. झालं होतं ते आपटण्यामुळं. पार्सल शिवून झालं की तो ते दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचा, "बिस्मिल्ला" म्हणायचा आणि ओट्यावरून खाली रस्त्यावर सोडून द्यायचा. धप्प! गिऱ्हाईक डोळे मिटायचं, आणि हा म्हणायचा, "घ्या. हितं न्हाई फुटलं, आता कुटं फुटायचं न्हाई." समोरच्या हाटेलातला नथू चहा गाळता गाळता "वाहवा!" करायचा. हंगामाला आलेली बंगलेवाली मंडळी तर हा तमाशा बघायला मुद्दाम टांगा थांबवायची.

याचं मूळ अगदी साधं होतं. लग्नानंतरच्या साली एक खोकं त्याच्या हातून निसटलं. आतलं सगळं शाबूत राहिलं, आणि लाज झाकायला हा म्हणाला, "मुद्दामच टाकलं." तेव्हापासून बारा वर्षं तो मुद्दामच टाकत होता.

त्याची बायको ताजुन्निसा म्हणायची, "अवो, बांधलं ते बांधलं. वरनं त्याला मारता कशापायी?"

"लोक त्यासाठीच येत्यात."

"मग गारुडीच व्हा की. पेंढ्याचा तरी खर्च वाचंल."

छत्तीस सालच्या मे महिन्यात शाळेच्या मास्तरीणबाई, कस्तुराबाई, एक बरणी घेऊन आल्या. चिनी मातीची, पिवळ्या गळ्याची, कैरीच्या लोणच्यानं भरलेली. त्या बरणीची जुळी बहीण घरात होती. ही बरणी पुण्याला जायची होती, बाईंच्या लेकीकडे. लेकीला, नंदाबाईला, दिवस गेले होते आणि तिला आईच्याच हातचं लोणचं हवं होतं.

इनायतभाईनं बरणी बांधली, शिवली, उचलली, सोडली. धप्प!

आणि त्या धप्पच्या पोटात त्याला 'टक्' असं काहीतरी ऐकू आलं. बारा वर्षं नुसता धप्प ऐकलेल्या कानाला तेवढं पुरेसं होतं. बाकी कुणाला काही कळलं नाही. उसवून बघायला हवं होतं. पण तेवढ्यात नथूनं "वाहवा" केलं, आणि उभ्या जन्मात ज्यांचे दात शाळेतल्या पोरांनी पाहिले नव्हते त्या कस्तुराबाई चक्क हसल्या. इनायतभाईनं पार्सल उचललं आणि पुण्याला माल नेणाऱ्या मोटारवाल्यांच्या पेढीवर दत्तोबा कारकुनाच्या पुढ्यात ठेवलं. "सांबाळून बरं का," एवढंच म्हणाला.

पाचव्या दिवशी पत्र आलं. बरणीचे दोन तुकडे झाले होते आणि तेल कुणाच्या तरी शालूच्या गाठोड्यात मुरलं होतं. कस्तुराबाई पत्र घेऊन ओट्याशी उभ्या राहिल्या.

इनायतभाईनं तोंड उघडलं. "बाई, त्या दिवशी..."

"त्या दिवशी आमी हितंच व्हतो!" नथू चहाची किटली घेऊनच रस्ता ओलांडून आला. "आपटलेलं डोळ्यांनी बघितलंय. इनायतभाईचं पार्सल फुटंल व्हय? त्या दत्तोबानं टाकलं असणार."

अर्ध्या तासात सगळा बाजार इनायतभाईच्या बाजूनं उभा राहिला. त्याला मागं सरकायलाही जागा उरली नाही.

संध्याकाळी दत्तोबा आला. भुशी गावचा माणूस, सरळ, काडीसारखा. "इनायतभाई, मास्तरीणबाईंची लेखी तक्रार आली की मालक मला काढणार हाय. मी त्या खोक्याला बोट लागू दिलं न्हाई. भैरोबाची आन."

'मला ठावं हाय,' असं इनायतभाईच्या ओठावर आलं होतं. तो म्हणाला, "चा घेनार का?"

जेवताना त्यानं ताजुन्निसाला सांगितलं. तिचा भाकरीवरचा हात थांबला. "मग सांगा की जाऊन."

"समद्या बाजारानं बघितलंय गं."

"बघितलंय. ऐकलं तुमी."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई तक्रारीचा कागद घेऊन आल्या. "इनायतभाई, पार्सल धड दिलं होतं एवढंच लिहिलंय. खाली सही करा." माणसं जमली. पेढीच्या दारात दत्तोबा टोपीनं मान पुसत उभा होता. इनायतभाईनं टाक हातात घेतला, दत्तोबाकडं बघितलं आणि टाक खाली ठेवला.

"बाई, बरनी मीच फोडली. आपटली तवा आत टक् झालं. मी ऐकलं आन गप बसलो."

नथूनं खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले. "बगा! बगा रं! दत्तोबाची भाकरी जाऊ नये म्हणून मानूस सोताच्या अंगावर घेतोय!"

"अरं न्हाई, खरंच वाजलं!"

"व्हय व्हय, वाजलं," नथू म्हणाला आणि लोकांकडं बघून त्यानं डोळा मारला.

कस्तुराबाईंनी कागद टराटरा फाडला. "तीस वर्षं पोरांच्या थापा ओळखत आलेय मी. तुम्हाला थाप मारता येत नाही, इनायतभाई. पण कशासाठी मारलीत, ते कळलं हो." आणि निदान ज्यानं तरी खऱ्यावर विश्वास ठेवावा, तो दत्तोबाही येऊन इनायतभाईच्या पाया पडला.

पुढच्या आठवड्यात बाई घरातली ती दुसरी, जुळी बरणी घेऊन आल्या. इनायतभाईनं दुप्पट पेंढा घातला, गोणपाट दुहेरी शिवलं आणि पार्सल हळूच त्यांच्यापुढं सरकवलं. "आज आपटायला नको."

"का हो? आपटल्याशिवाय कशी पाठवू मी?"

नथू किटली ठेवून बाहेर आला. पलीकडून दत्तोबा मोठ्या कौतुकानं ओरडला, "इनायतभाई, आमच्या मालकानं नियमच केलाय! तुमचं पार्सल हाय तर आपटूनच घ्यायचं, न्हाईतर मोटारीत चढवायचं न्हाई!"

इनायतभाईनं मागं पाहिलं. पेंढ्याआड उभ्या ताजुन्निसानं कपाळाला हात लावला. समोर निम्मा बाजार उभा होता, माना वर करून, प्रेमानं. त्यानं पार्सल उचललं. आज ते छातीपर्यंत जाईना. पोटाशीच धरून राहिला. "वर, वर!" नथूनं आठवण दिली. मग ते छातीपर्यंत गेलं.

"बिस्मिल्ला."

धप्प! त्यानं श्वास रोखून कान दिला, आणि नेमका त्याच वेळी पेढीपुढं उभ्या असलेल्या मोटारीनं भोंगा वाजवला. लोक "वाहवा" करत होते. आत काय झालं, ते इनायतभाईला काही ऐकू आलं नाही.

दत्तोबा पार्सल उराशी धरून घेऊन गेला. ताजुन्निसानं विचारलं, "काय झालं?"

"पाच दिवसांनी कळंल," असं म्हणून इनायतभाईनं पुढच्या गिऱ्हाइकाचं खोकं जवळ ओढलं. त्यात काचेचे दिवे होते आणि ते गिऱ्हाईक आत्तापासूनच डोळे मिटून उभं होतं.