मुदत संपलेला कागद

आमच्या ह्यांच्या हातून एक चिठोरं म्हणून घराबाहेर जात नाही. दोन मिक्सर होऊन गेले, तरी पहिल्या मिक्सरचं माहितीपुस्तक अजून कपाटात आहे. "अहो, मिक्सरच नाही तर पुस्तक कशाला?" म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "राहू दे गं. कुणी विचारलं तर?" कोण येणार आहे विचारायला, मिक्सर? आणि असा माणूस नगरपालिकेनं नेमला कुठे, तर रेकॉर्ड रूमला! एकतीस वर्षं हे तळघरात रेकॉर्डकीपर, आणि मी वर दारापाशी आवक-जावकच्या टेबलावर. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं, हे माझं काम. ऑफिसात ह्यांना सगळे 'कुलूप' म्हणतात. मला 'किल्ली' म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

आता रेकॉर्ड रूममध्ये कागद नुसते ठेवायचे नसतात, वेळ झाली की टाकायचेही असतात. प्रत्येक फाइलला मुदत असते. जन्म-मृत्यूच्या वह्या आणि नकाशे कायम. माझ्या जावक वह्या तीस वर्षं. तक्रारी निकाली निघाल्यापासून पाच वर्षं, पाहणीचे अहवाल तीनच. मुदत भरली की यादी करायची, विभागाच्या साहेबांची सही घ्यायची आणि मशीनमध्ये घालून कागदाचा भुगा करायचा. ह्यांचं घोडं नेमकं तिथे अडायचं. दर वर्षी यादी निघायची आणि तक्रारींच्या फायलींसमोर ह्यांच्या वळणदार अक्षरात शेरा पडायचा, 'पुढील वर्षी पाहावे'. साहेब लोक बदलत गेले आणि न वाचता सह्या करत गेले. त्यात एकदा रस्ता खचला, तेव्हा गटाराचा चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा ह्यांनी अर्ध्या तासात काढून दिला. मग काय, बोलायची सोयच राहिली नाही. अहो, नकाशा कायमचाच असतो, त्यात कौतुक ते काय?

यंदा पालिकेच्या पाळणाघरासाठी सेविका निवडायच्या होत्या. निवडलेल्या बायकांची नावं तळघरात आली. यांच्याबद्दल जुनं काही आहे का, पाहून कळवा, असं पत्र होतं. ह्यांनी दहा मिनिटांत एक फाइल काढली आणि शिपायाची वाटही न पाहता स्वतः जिना चढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. माझ्यासमोरून गेले तेव्हा चेहरा असा, की पहिला नंबर आलाय.

पुढच्या सोमवारी एक बाई माझ्या टेबलापाशी आली. पस्तिशीची असेल. कापडाच्या दुकानात दिवसभर घड्या घालायचं काम करून तिनं बालसंगोपनाचा अभ्यासक्रम पुरा केला होता.

"माझं नाव यादीत होतं, ताई. मग कापलं. जुनी तक्रार आहे म्हणतात, पण कसली ते सांगत नाहीत. शुक्रवारी नेमणुका निघणार, आणि पुढच्या वर्षी माझं वय उलटतं."

आपल्याबद्दलचा कागद बघायचा हक्क तिला होताच. फाइल परत तळघरात आली होती, म्हणून मी तिला खाली घेऊन गेले. ह्यांनी ती काढून तिच्यापुढे ठेवली. आत एकच पान होतं. शेजाऱ्यानं लिहिलं होतं, की ही बाई दोन वर्षांच्या मुलीला घरात कोंडून बाहेर जाते.

तिनं ते उभ्यानंच वाचलं. "खालच्या दुकानातून दूध आणायला गेले होते," ती म्हणाली. "सात मिनिटं. तुमची पाहणीवाली बाई घरी आली होती. तासभर बसली, पोरीला मांडीवर घेतलं, म्हणाली यात काही नाही, निश्चिंत राहा. तिनं लिहिलेलं कुठाय?"

"तो अहवाल नष्ट झाला," हे म्हणाले. "तीन वर्षांची मुदत. त्यांच्या विभागानं वेळेवर टाकला."

"आणि ह्याची मुदत?"

"पाच."

"बारा वर्षं झाली, काका. मग हा का राहिला?"

ह्यांनी पान आपल्याकडे ओढलं आणि वरची तारीख पुन्हा वाचली. तिला वर बाकावर बसवून मी परत खाली आले. माझा पारा चढला होता. "कुणी विचारलं तर, कुणी विचारलं तर! घ्या, विचारलं एकदाचं! आता सांगा तिला, पुढील वर्षी पाहावे!"

एरवी चार शब्द मला ऐकवले असते. त्या दिवशी उठले, फाइल घेतली आणि साहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण गेले.

साहेब भला माणूस. म्हणाला, "फाइल सापडत नाही, असं लिहून द्या. मी माझा शेरा काढतो. तीन महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार. कशाला नसतं लचांड गळ्यात घेता?"

"साहेब, हरवली म्हटलं तर तक्रार खरी होती असंच राहील तुमच्या मनात."

"मग खोटी होती, हे दाखवा."

हे तडक माझ्याकडे वळले. "अगं, निकाल लागला की ज्याच्यावर तक्रार असते त्याला कळवतात ना? ते पत्र तुझ्याच टेबलावरून गेलं असणार."

बारा वर्षांपूर्वीच्या जावक वह्या म्हणजे चार जाडजूड बाडं. दुपारभर आम्ही दोघं डोकी जोडून बसलो होतो. तिसऱ्या वहीत नोंद सापडली, आणि अक्षर माझंच! तिचं नाव, पत्ता, आणि पुढे, 'तक्रारीत तथ्य नाही, प्रकरण निकाली'. मी धावत बाकापाशी जाऊन तिला सांगितलं, तर ती रडायलाच लागली. "ते पत्र आलं होतं, ताई. मी त्याच दिवशी फाडलं. मला तो विषयच घरात नको होता."

ह्यांनी साहेबांना लेखी दिलं. ही तक्रार सात वर्षांपूर्वीच नष्ट व्हायला हवी होती, ती केवळ माझ्यामुळे राहिली आणि माझ्यामुळे पुढे आली. सोबत जावक वहीच्या पानाची प्रत जोडली. शुक्रवारी नेमणुका निघाल्या, त्यात तिचं नाव होतं. ह्यांच्या सेवापुस्तकात लेखी ठपका आला. नकाशाच्या वेळी वाटला नव्हता एवढा अभिमान मला तो ठपका वाचून वाटला. ह्यांना सांगितलं नाही म्हणा, शेफारतील.

मग महिनाभर राबून ह्यांनी मुदत उलटलेल्या तक्रारींची यादी केली. तीनशे अठरा निघाल्या. मंजुरी आली त्या दिवशी साक्षीदार म्हणून सही करायला मी खाली गेले. पाळणाघर सुटल्यावर तीही आली होती, ह्यांनीच तिला कळवलं होतं. पहिली फाइल तिचीच घेतली. मशीन घरघरलं आणि खालच्या पिशवीत पांढऱ्या पट्ट्या पडल्या.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

ती पट्ट्यांकडे बघत राहिली. "मुलगी चौदाची झाली माझी. अजून तिला घरात ठेवून खाली दुकानात जायला माझा पाय निघत नाही. दूध आणायला तिला बरोबर नेते. ती चिडते, मैत्रिणी हसतात म्हणते. पण मला नाहीच जमत, काका."

ह्यांनी मशीन बंद केलं. कागद गेला की गोष्ट संपली, असं बहुतेक ह्यांना वाटलं होतं. मलाही वाटलं होतं.

"आज जाऊन बघा, ताई," हे हळूच म्हणाले. "नुसतं दुकानापर्यंत."

"बघते," ती म्हणाली, आणि डोळे पुसत जिना चढून गेली.

एकतीस वर्षांत ह्यांनी आतलं नाव वाचल्याशिवाय एकही फाइल हातावेगळी केलेली नाही. आता पुढची उचलली, वरचा क्रमांक यादीशी जुळवला आणि न उघडताच मशीन चालू केलं.