वाऱ्याचा डोळा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, खोलीची लाकडी खिडकी आपोआप उघडायची. अण्णा गेल्यावर मी ती काढून काचेची सरकती खिडकी बसवायचं ठरवलं. कारागीर माप घेत होता तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. काचा नव्हत्या तेव्हा तिकडे युरोपच्या उत्तरेतले लोक भिंतीतल्या भोकाला तसं म्हणायचे."

"आपल्या गवाक्षातही गाईचा डोळा आहेच," मी म्हटलं. "हा डोळा मिटत नाही, म्हणून बदलतेय."

कारागिराने काळसर काच दाखवली. "ताई, ही घ्या. बाहेरून काही दिसत नाही, आतून सगळं दिसतं."

मी तीच घेतली. धूळ थांबली, वाराही थांबला.

अण्णा संध्याकाळी त्या खिडकीत बसायचे. बाजारातून येताना मी फाटकाशी पिशवी पाठीमागे लपवत असे, कारण ती जड दिसली की ते काठी घेऊन जिने उतरायला निघायचे. "अहो अण्णा, भाजीच आहे, दगड नाहीत!" मी खालून ओरडायचे.

काल फाटकाशी आले आणि सवयीने वर पाहिलं. काळ्या काचेत नुसतं आभाळ होतं. भिंतीतल्या भोकाला माणसांनी डोळा का म्हटलं असेल, ते मला तेव्हा कळलं. घरात कोणी नव्हतं. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. तरीही मी पिशवी पाठीमागे घेतली.