सत्तरच्या पुढची थरथर

शेळगावच्या म्हस्कूचा पिकअप सत्तरपर्यंत शहाण्यासारखा चालायचा. सोलापूर हायवेला काटा त्यापुढं सरकला, की स्टेअरिंगला हीव भरायचं. थरथर मनगटातून थेट खांद्यापर्यंत चढायची. मागं हिरव्या मक्याचा चारा, पुढं इंदापूरच्या पलीकडचे गोठे, आणि मध्ये म्हस्कूच्या डोक्याचा भुगा.

जळोचीच्या जोतीराम मिस्त्रीनं चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, पुढचे दोन्ही टायर बदलायला लावले. प्रत्येक वेळी तो शेजारी बसून ऐंशीनं चक्कर मारायला लावायचा, आणि गाडी हूं की चूं करायची नाही. दोन दिवस रानात फिरून हायवेला आली, की पुन्हा तेच. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं काहीतरी चाललं होतं. पण इथं रेडा कोण, हेच कळेना. चौथ्या खेपेला जोतीरामनं हात पुसत हळूच विचारलं, "म्हस्कूराव, गाडीचं ऱ्हाऊ द्या. तुमचं हात कवा डाक्टरला दाखवलं का?"

तो प्रश्न म्हस्कूच्या काळजात रुतून बसला. त्याचा बाप भीमा मेंढरं राखायचा. लोकर कातरावी तर त्यानंच. पण साठीला त्याच्या हातात कातर थरथरायला लागली, मेंढ्यांना जखमा व्हायला लागल्या. एक दिवस म्हस्कूनंच ती कातर त्याच्या हातातून काढून घेतली. म्हातारा परत मेंढरांत फिरकला नाही.

आता म्हस्कू पन्नाशी ओलांडून चालला होता. चहाची बशी उचलली की तो तिच्याकडंच बघत बसायचा. बशी हलतेय, की आपल्याला तसं वाटतंय? त्याला भीती वाटत होती, आणि घरात सांगायची लाजही. शेवटी त्यानं ठरवलं, गाडी विकायची आणि स्टेअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही. इंदापूरचे दादासाहेब सोमवारी गाडी बघायला येणार होते.

सोमवारी सकाळी त्याची बायको सारजा पाइप घेऊन गाडी धुवायला लागली. जनावर धुतल्याबिगर दुसऱ्याच्या दारात न्यायचं नाही, ही भीमाची शिस्त. मेंढरं गेली, पिकअप आला, शिस्त राहिली. मिस्त्रीकडं जायच्या दिवशीही सारजा गाडी धुवायची, तेव्हा म्हस्कू अंघोळीला असायचा. आज मात्र तो उंबऱ्यावरच बसून राहिला. गाडी एकदा डोळे भरून बघायची होती.

सारजानं पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला खुरपं घातलं आणि भाकरीएवढं वाळलेलं काळं ढेकूळ खाली पाडलं. मग आणखी एक.

"हे कवापासून निघतंय?" म्हस्कूनं विचारलं.

"धुवायला काढली की निघतंच. पाटाच्या कडंला ह्येच चाक रुततं न्हवं."

"मग बोलली न्हाईस?"

"चिखलाचं काय बोलायचं?"

म्हस्कूनं ढेकूळ उचलून तळहातावर तोललं. म्हणजे चाकाच्या एकाच अंगाला शेरभर माती चिकटून त्याचा तोल जायचा, आणि मिस्त्रीकडं निघायच्या आधी आपण ती स्वतःच्या दारात धुऊन टाकत होतो. अंघोळ न करताच त्यानं गाडी हायवेला काढली. सत्तर झाले, पंचाहत्तर, ऐंशी. स्टेअरिंग गप्प होतं आणि हातही. त्यानं कडेला थांबून दादासाहेबांना येऊ नका म्हणून फोन केला, मग एकटाच मोठ्यानं हसला.

घरी आल्यावर मात्र तो माळ्यावर चढला. बापाची कातर फडक्यात गुंडाळलेली होती. त्यानं ती उघडली. दोन्ही पाती मधल्या खिळ्यावर ढिली होऊन खुळखुळत होती. हे तेव्हापासूनचं, की इतक्या वर्षांच्या गंजानं झालेलं?

सांगणारा आता कुणी नव्हता. तेव्हा त्यानं बापाचे हात बघितले होते, कातर बघितली नव्हती.